गोव्यात विकायच्या परफ्यूमच्या बाटलीला सॉफ्ट टच काळा द्यावा की सोनेरी मुलामा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाला मोगरा आणि सुरंगीच्या वासाच्या परफ्यूमचा छोटा ब्रँड काढताय, ५० मिलीच्या साध्या पारदर्शक बाटल्या ठरल्यात, त्यांवर मॅट काळा 'सॉफ्ट टच' घ्यावा की सोनेरी मेटॅलिक, आणि माल चवथीच्या आधी दुकानात हवाय.

मी वेर्ण्याला सौंदर्यप्रसाधनांच्या पॅकिंगचं काम पाहतो. माझं मत विचाराल तर दोन्ही घेऊ नका. अंबर किंवा मधाळ रंगाचं, पलीकडचं दिसेल असं लॅकर, म्हणजे फवारून भट्टीत पक्का केलेला रंगाचा थर, घ्या आणि बाटलीची मान कोरी ठेवा.

सॉफ्ट टचपासून सुरुवात करतो, कारण दुकानात नमुना हातात घेतला की सगळे त्याच्याच प्रेमात पडतात. हा मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवा आणि हातांचा तेलकटपणा यांनी तो हळूहळू विघटित होतो आणि चिकट व्हायला लागतो. जुन्या रेडिओच्या किंवा दुर्बिणीच्या रबरी मुठीला येतो तोच चिकटा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तिथे हा थर गिऱ्हाइकाच्या घरी वर्षभर चांगला राहील याची खात्री मी देणार नाही. काळाच हवा असेल तर साधा मॅट काळा मागा. तो वेगळा प्रकार आहे, चिकट होत नाही. मात्र जिथे बोटं रोज लागतात तिथे घासून चकाकी येते.

सोनेरी-चंदेरी मेटॅलिकमध्ये काचेवर आधी एक बेस कोट देतात, मग निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर बसवतात आणि त्यावर टॉप कोट देतात. सोनेरी रंग टॉप कोटमधल्या रंगद्रव्याचा असतो, आत ॲल्युमिनियमच. टॉप कोटला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं की खारी हवा आत शिरते, ॲल्युमिनियम गंजतं आणि ठिपके पडतात. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यालगतच्या दुकानांत माल ठेवणार असाल तर हे नक्की लक्षात घ्या.

लॅकरचा मुख्य शत्रू मात्र हवा नाही, तुमचं स्वतःचं परफ्यूम आहे. त्यात बहुतांश अल्कोहोल, शिवाय सुगंधी द्रव्यं. फवारा मारल्यावर पंपाखालून थेंब ओघळतो आणि खांद्यावर साचतो. लॅकर भट्टीत पुरतं पक्कं झालं नसेल तर तिथेच ते मऊ पडतं आणि पोपडे निघतात. मान कोरी ठेवायची तीही यासाठीच. पंपाची धातूची कड तिथे प्रेसने दाबून बसवतात, तेव्हा खाली रंग असेल तर तो तडकतो आणि त्याचे कण आत पडू शकतात.

रंगाची पकड न येण्याचं आणखी एक कारण काचेतच असतं. बाटल्या एकमेकींवर घासून ओरखडे येऊ नयेत म्हणून काचकारखान्यात शेवटी त्यांवर पॉलिथिनसारखा निसरडा थर फवारतात. त्यावर रंग बसत नाही. बाटल्या घेतानाच 'रंगकामासाठी हव्यात, कोल्ड-एंड कोटिंग नको' असं सांगा. रंगवणाऱ्यालाही विचारा, फवारणीआधी ज्योतीखालून काढता का, प्रायमर देता का. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा बघा.

अंबरच का, हेही सांगतो. मोगऱ्याच्या अर्कात इंडोल नावाचं रसायन असतं. ते उजेडाने आणि काळाने लालसर-तपकिरी होत जातं. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य, घातलं असेल तर तेही तसंच. पारदर्शक बाटलीत हा बदल दिसतो आणि गिऱ्हाईक माल खराब म्हणून परत आणतं. अंबर रंगात तो लपतो, वर उरलेली पातळीही दिसते. मात्र रंग दिसतो म्हणजे अतिनील किरण अडतात असं नाही. लॅकरमध्ये यूव्ही शोषणारं द्रव्य मिसळायला वेगळं सांगावं लागतं.

फ्रॉस्टेडचा विचार केला नसेल तर जरूर करा. फोंतैन्यासमधल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांतून जसा दुधी उजेड येतो, तशी ती बाटली दिसते. आम्लाने केलेलं फ्रॉस्टिंग म्हणजे काचेचाच पृष्ठभाग खरवडलेला असतो, त्यामुळे सुटून येण्यासारखं काही नसतंच. पण ते आम्ल फ्लोराइडचं असतं, अत्यंत घातक. घरी करायचा विचारही नको. फवारून केलेलं फ्रॉस्ट स्वस्त, पण ते शेवटी लॅकरच. दोन्हींवर तेलकट थेंबाचा डाग उठून दिसतो.

नमुने आले की त्यांत पाणी नको, तुमचंच परफ्यूम भरा, कारण भरलेल्या बाटलीचा रंग रिकामीपेक्षा वेगळा दिसतो. मग धारदार ब्लेडने एकेक मिलिमीटरवर सहा आडव्या, सहा उभ्या रेघा काढा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन उचलले गेले तर नमुना नापास. रंगाच्या पकडीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २४०९, त्यातली चाचणी हीच आहे. परफ्यूममध्ये भिजवलेला कापूस एकाच जागी जोर लावून घासा, रंग कापसाला येता कामा नये. एक बाटली अर्धी फॉइलने झाकून गच्चीवर उन्हात ठेवा, एक न्हाणीघरात, आणि तिच्या खांद्यावर रोज थेंब सोडा. निदान महिनाभर तरी बघा. चवथीला तेवढा वेळ उरत नसेल, तर पहिली खेप कोऱ्या काचेत, चांगल्या लेबलसह आणि बंद खोक्यात काढा. रंगीत दिवाळीला येऊ दे.

ऑर्डर देताना रंगाचा एकच नमुना मंजूर करू नका. चालेल असा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद, दोन्ही सही करून एकेक त्यांच्याकडे, एकेक तुमच्याकडे ठेवा. पुढच्या खेपेला वाद होणार तो इथेच.

नावाची सोनेरी अक्षरं हवीत असं शेवटी लिहिलंय. लॅकरवर हॉट फॉइल (तापवून दाबलेली चकचकीत पातळ पट्टी) किंवा साधी स्क्रीन छपाई होते. सिरॅमिक शाईची छपाई सर्वांत टिकाऊ, पण ती सहाशे अंशांच्या आसपास भाजावी लागते आणि त्या उष्णतेत लॅकर जळून जातं. म्हणून ती हवी असेल तर आधी छपाई, मग लॅकर, आणि मग अक्षरांवरही अंबरची छटा येणार. त्यापेक्षा फॉइल घ्या, आणि कापसाची चाचणी त्या अक्षरांवरही करा.