फटीतलं तण आणि बाटलीतलं ‘औषध’

पाऊस लागून महिना झाला की तीच पत्रं येऊ लागतात: अंगणातल्या फरशीच्या, पेव्हर ब्लॉकच्या फटींतून गवत वर आलंय, काय ओतू? ओतायच्या आधी खुरपं हातात घ्यावं असं कुणाला वाटत नाही. वारंवार येणाऱ्या प्रश्नांना इथे एकदाच उत्तरं देतो.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून फटींत जाडं मीठ भरलं. बरोबर केलं ना? (नाशिक)

नाही. गवत करपेल, पण तेच मीठ पावसाबरोबर तुमच्या जास्वंदीच्या आणि कढीपत्त्याच्या मुळाशी जाईल. जवळ आरसीसीचा खांब असेल तर आतली सळई गंजायला हातभार लागेल, तो वेगळाच. उरलेलं मीठ झाडून काढा. झाडं मलूल दिसू लागली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड चालेल का? आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. (सोलापूर)

शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड पडलं की फरशी खडबडीत आणि पांढुरकी होते, तण मात्र मुळापासून पुन्हा फुटतं. घरगुती व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्केच आम्ल असतं, त्याने कोवळी पानं तेवढी जळतात. आणि ॲसिडच्या जोडीला ब्लीचिंग पावडर टाकायचा विचारही करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

उकळतं पाणी? (चिपळूण)

चालतं, कोवळ्या तणावर. पायात बूट घाला.

ओळखीच्या दुकानदाराने तणनाशक अर्धा लिटर, थंड पेयाच्या बाटलीत काढून दिलं. ‘एकदा मारा, वर्षभर गवत नाही’ म्हणाला. पंपाला किती टाकू? घरात दोन लहान नातवंडं आहेत. (सांगली जिल्हा)

काही टाकू नका. आधी उठा, ती बाटली कुलपात ठेवा, मग पुढचं वाचा.

आत कोणतं रसायन आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, कारण ते तुम्हाला ठाऊकच नाही. बाटलीवर लेबल नाही. ग्लायफोसेट असेल, टू-फोर-डी असेल, पॅराक्वाट असेल. पॅराक्वाट असेल तर नीट समजून घ्या: त्यावर उतारा नाही. एखादा घोटही जिवावर बेतू शकतो. माणूस सुरुवातीला बोलत-चालत असतो, घरचे ‘उलटी झाली, आता बरं आहे’ म्हणतात, आणि पुढच्या काही दिवसांत फुप्फुसं निकामी होत जातात. असं रसायन सरबताच्या बाटलीत भरून नातवंडांच्या घरात पाठवणाऱ्याला मी ओळखीचा माणूस म्हणणार नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे, तणनाशकंही त्यातच येतात. सीलबंद डबा, त्यावर लेबल, विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण, सोबत माहितीपत्रक, हे सगळं असायलाच हवं. सुटं काढून देणं बेकायदा आहे. ग्लायफोसेटची तर गोष्टच निराळी: ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकानेच वापरायचं. घरमालकाने पंप पाठीला लावायचा प्रश्नच येत नाही.

‘वर्षभर गवत नाही’ ही तर शुद्ध थाप. ग्लायफोसेट हिरव्या पानातून मुळापर्यंत जातं, पॅराक्वाट लागेल तेवढा हिरवा भाग जाळतं. पण फटीतल्या मातीत निजलेल्या बियांना यातलं एकही रोखत नाही. पुढच्या सरीला नवं गवत येतं आणि दुकानदाराला नवं गिऱ्हाईक मिळतं. शिवाय शेतात माती रसायन बरंचसं धरून ठेवते. फरशीवर धरायला मातीच किती? पाऊस आला की सगळं गटारात, आणि आड जवळ असेल तर आडात.

ती बाटली मोरीत रिकामी करू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा आणि दुकानाचं नावही सांगा. कुणाच्या पोटात थेंब जरी गेला तरी दूध पाजणं, मीठपाण्याने उलटी काढणं असले उद्योग नकोत. १०८ ला फोन करा आणि बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा. ‘सकाळपर्यंत बघू’ अजिबात नको.

कंत्राटदार म्हणतो, ब्लॉकखाली प्लास्टिक घातलं की तण कायमचं बंद. जादा पैसे द्यावेत का? (पुणे)

नका देऊ. फटीतलं बहुतेक तण खालून येत नाही. वाऱ्याने धूळ आणि बी वरून पडतं, तिथेच रुजतं. प्लास्टिकने पाणी मुरायचं मात्र थांबेल. पावसाळ्याआधी फटी खरवडून बारीक कच झाडूने भरा, आणि आठवड्याला कडक खराटा फिरवा. सिमेंटने सांधे बंद करायचे असतील तर पाण्याचा उतार आधी इंजिनीअरकडून पाहून घ्या, नाहीतर पाणी जोत्याशी साचेल.

लव्हाळा उपटला की आठ दिवसांत पुन्हा हजर! (कोल्हापूर)

कारण तुम्ही पाती उपटता, गाठी तशाच राहतात. जमिनीखाली त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तेवढे ब्लॉक उचला, माती खणून गाठी वेचा, कडक उन्हात वाळवा आणि कच भरून ब्लॉक परत बसवा.

गाजर गवत उपटल्यावर हाताला खाज सुटते. (जालना)

मग हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला, आणि फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट काढा. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे झाड देशभर पसरलं ते बियांच्या जोरावर. चट्टे उठले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मेडिकलवाल्याने दिलेलं मलम चोळत बसू नका.

जोत्याच्या फटीत पिंपळ उगवलाय. धार्मिक कारणाने सासूबाई काढू देत नाहीत. (ठाणे)

रोप वीतभर असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा, सासूबाईंचाही मान राहील. मनगटाएवढं झालं असेल तर स्वतः ओढू नका, इंजिनीअरला दाखवा. या पावसाळ्यातच.

फटीतली घोळ भाजीला घेऊ का? (रत्नागिरी)

तिथे कधीच काही फवारलं नसेल, गाडी धुतली जात नसेल आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक येत नसेल, तर घ्या. चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण आहे. फेकून द्या आणि हात धुवा.