मुलाला हीट पंपाचं काम शिकवायचं, तर सुरुवात कुठून?

वरुड तालुक्यातल्या एका कास्तकार पालकांचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा दहावी पास झाला. घरची मोटर, स्टार्टर, पाइपलाइन तोच सांभाळतो. कुणीतरी सहा आठवड्यांचा ‘वॉटर सोर्स हीट पंप’ (विहिरी-बोअरच्या पाण्याच्या मदतीनं खोली थंड-गरम करणारं किंवा पाणी तापवणारं मशीन) कोर्स सुचवला आहे. तो करू द्यावा का आणि गावाजवळ राहून या कामावर घर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार भाऊसाहेब,

सहा आठवड्यांचा कोर्स आत्ता नको. आधी आयटीआयचा ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ हा दोन वर्षांचा ट्रेड करू द्या. हीट पंपाच्या पोटात फ्रीज-एसीचेच भाग असतात: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर. फरक एवढाच, की उष्णता हवेत टाकण्याऐवजी किंवा हवेतून घेण्याऐवजी तो ती पाण्यात टाकतो किंवा पाण्यातून घेतो. ज्याला या भागांतून फिरणाऱ्या गॅसचं प्रेशर वाचता येत नाही, त्याला सहा आठवड्यांत हे मशीन कळणार नाही.

आपल्याकडे या मशीनला अर्थ आहे. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते, पण खोल विहिरीचं किंवा बोअरचं पाणी २७ अंशांच्या आसपास राहतं. एवढ्या थंड पाण्यात उष्णता टाकताना कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो आणि बिलही उतरतं. गरम पाण्याचा हिशेब असा. शंभर मुलांच्या वसतिगृहाला रोज २,००० लिटर पाणी २७ वरून ५५ अंशांवर न्यायचं असेल, तर गिझरला सुमारे ६५ युनिट लागतात. नीट बसवलेला हीट पंप ते काम १८ ते २० युनिटांत करतो.

‘नीट बसवलेला’ हा शब्द महत्त्वाचा. ही मशीन गॅसपेक्षा पाण्यामुळे जास्त बिघडतात, आणि एसीच्या बहुतेक मिस्त्रींचा हात नेमका पाण्याच्या बाजूला कच्चा असतो. तुमच्या मुलाचा तिथे आधीच बसलेला आहे.

मशीनच्या एका टनाला (एसीचा असतो तोच टन) मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं. एवढा प्रवाह असेल तर कूलिंगमध्ये पाणी आत येताना आणि बाहेर जाताना पाच-सहा अंशांचा फरक पडतो. फरक नऊ-दहावर गेला, तर पाणी कमी पडतंय: आधी स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) उघडून बघायचा, मग पंप. फरक बरोबर आहे पण हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) चढलंय, तर बहुधा प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पातळ प्लेटांमधून गॅस आणि पाणी उष्णतेची देवाणघेवाण करतात त्या भागात, क्षार बसले आहेत. त्यासाठी २० लिटर पाण्यात एक किलो सायट्रिक अॅसिड घालून ते छोट्या पंपानं नेहमीच्या उलट दिशेनं तास-दोन तास फिरवायचं, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि शेवटी स्वच्छ पाणी. बाथरूम धुण्याचं अॅसिड कधीही घालायचं नाही. त्यातलं क्लोराइड स्टीलच्या पातळ प्लेटांना बारीक छिद्रं पाडतं.

सगळ्यात महागडा बिघाड हीटिंगमध्ये होतो. पाणी थांबलं आणि पाण्याच्या प्रवाहावर लक्ष ठेवणाऱ्या फ्लो स्विचनं मशीन बंद केलं नाही, तर प्लेटांमधलं पाणी गोठतं, फुगतं, प्लेट फुटते. पाणी गॅसच्या लाइनमध्ये शिरतं आणि एक्स्चेंजरसोबत कॉम्प्रेसरही जातो. काही जण वारंवार ट्रिप होतं म्हणून फ्लो स्विच शॉर्ट करून ठेवतात. मुलाला पहिल्या दिवसापासून सांगा, हे करायचं नाही.

अकोला, बुलडाणा, अमरावतीतल्या खारपाणपट्ट्यात तांब्यानं जोडलेल्या साध्या प्लेटा टिकत नाहीत. तिथे टायटॅनियम किंवा क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) लागतं, नाहीतर विहिरीचं पाणी मशीनमध्ये न घेता एचडीपीई (प्लास्टिक) पाइपाचं बंद लूप, म्हणजे तेच ते पाणी आत फिरत राहणारं वेटोळं, विहिरीत सोडावं लागतं. म्हणून काम घेण्याआधी पाणी तपासून घ्यायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होतं. तुमच्या वरुड-मोर्शीत प्रश्न खारेपणाचा नाही, खाली गेलेल्या पातळीचा आहे. तिथे वापरलेलं पाणी वाया न घालवता दुसऱ्या विहिरीत परत सोडायला हवं. उपसा आणि परतीची विहीर जवळजवळ असतील, तर तेच कोमट पाणी फिरून मशीनमध्ये येतं. शेततळ्यावर विसंबू नका, ते उन्हाळ्यात आटतं आणि तापतं.

विजेचंही भान हवं. शेतीच्या फिडरवर लाइन ठरावीक तासच असते, म्हणून मशीनला वेगळं कनेक्शन लागतं. फेज उलटा लागला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, खडखडतो आणि काही वेळात खराब होतो. फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम चुकला तर मशीन चालू न होऊ देणारा) आणि लाइन आल्यावर तीन मिनिटं थांबवणारा टायमर, हे दोन्ही हवेतच.

आता पोटापाण्याचं. फक्त हीट पंपावर गावात घर चालणार नाही, अजून तेवढी मशीन नाहीत. पण याच ट्रेडवर दूध संकलन केंद्रांचे बल्क कूलर, संत्र्याची शीतगृहं, दवाखाने, हॉटेलं आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतले वॉटर कूल्ड चिलर (पाण्याच्या मदतीनं चालणारी मोठी शीतयंत्रं) ही कामं आहेत. त्यांतून पाया पक्का होतो आणि हीट पंप त्याच्यावर चढतो. पुढे शिकायचं झालंच, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गॅसही बदलत जाणार आहेत. किगालीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतात २०३२ पासून हवामान तापवणाऱ्या एचएफसी गॅसचा वापर टप्प्याटप्प्यानं कमी होणार आहे, तेव्हा आर-३२ आणि आर-२९० सारखे पेट घेऊ शकणारे गॅस सुरक्षित हाताळायला त्यानं आत्ताच शिकावं.

आयटीआय निवडताना मुलाला घेऊन वर्कशॉपमध्ये जा. तांब्याची नळी जोडताना आतून नायट्रोजन सोडतात का, ते विचारा. तसा जोड कापून पाहिला तर आतून लखलखीत असतो. नायट्रोजनशिवाय केलेल्या जोडात काळी खपली धरते, ती सुटून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम मायक्रॉन गेजवर (तो मोजणारं मीटर) ५०० पर्यंत उतरवतात की घड्याळाकडे बघून पंप बंद करतात? गॅस वजनकाट्यावर भरतात की अंदाजानं? या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे करून दाखवली जातात, ते आयटीआय थोडं लांब असलं तरी तिथेच नाव घाला. आयटीआय झाल्यावर एक वर्षाची अप्रेंटिसशिप चिलर असलेल्या कारखान्यात किंवा दवाखान्यात मिळते का, ते बघा. त्यानंतर सहा आठवड्यांचा तो कोर्स खुशाल करू द्या.