उजव्या बाजूचं पदक

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

मेलबर्नच्या हॉस्पिटलात तुझी नेमणूक झाल्याचं वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "मावशी, तिकडच्या लोकांचं देशप्रेम दिसतं कशात? माझ्याकडून नकळत कुणाचा अनादर व्हायला नको." जाणाऱ्या मुली पगाराचं विचारतात, भाड्याचं विचारतात, थंडीचं विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी पहिल्यांदा परदेशी गेले ती इंग्लंडला. सुरुवातीचे काही महिने मला वाटायचं, या लोकांना देशाचं काही वाटतच नाही. शाळेत प्रतिज्ञा नाही, घरांवर झेंडे नाहीत. झेंडा दिसायचा तो फुटबॉलच्या सामन्याला, आणि तोही इंग्लंडचा, पांढऱ्यावर लाल क्रूसाचा. स्कॉटिश पेशंटला चुकून 'इंग्लिश' म्हटलं की चेहरा लगेच उतरायचा. मग नोव्हेंबर आला. आमच्या वॉर्डच्या टेबलावर पॉपीच्या कागदी लाल फुलांची पेटी आली, शेजारी नाणी टाकायचा डबा. 11 तारखेला सकाळी बरोबर अकराला सगळं थांबलं. औषधांची ट्रॉली जागच्या जागी उभी राहिली. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा चहा पीत होते. त्यांनी कप ओठांपासून खाली घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. दोन मिनिटं. हात थरथरत होता, पण कप बशीत ठेवला नाही. आवाज झाला असता.

1918 साली याच दिवशी, याच घटकेला पहिलं महायुद्ध थांबलं. रणभूमीवर उगवलेल्या पॉपींवर एका कॅनेडियन डॉक्टरने 1915 मध्ये कविता लिहिली, आणि 1921 पासून ब्रिटनमध्ये ते फूल छातीवर लावायची रीत पडली. पण मला तुला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दोन मिनिटांत माझी नजर माझ्या आयरिश सहकारी सिस्टरकडे गेली. तीही मान खाली घालून उभी होती, पण तिच्या गणवेशावर पॉपी नव्हती. नंतर तिने सांगितलं, तिच्या आजीच्या घरात लहानपणी ब्रिटिश शिपाई घुसले होते, त्या सैन्याची खूण मी लावू शकत नाही. मेलेल्यांसाठी मात्र मी उभी राहते. तिच्या घरची माणसं वसंतात ईस्टरला लिलीचं चिन्ह लावतात, 1916 च्या उठावात गेलेल्यांसाठी. वॉर्डात तिला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या दिवसापासून कुठल्याही देशात गेले की मी आधी हे बघते: सगळे एक खूण करतात तेव्हा ती न करणारा कोण आहे, का नाही करत, आणि बाकीचे त्याच्याशी कसे वागतात. झेंड्यांच्या संख्येवरून कळत नाही ते यावरून कळतं. तूही असंच बघ, असं माझं मनापासून सांगणं आहे.

इंग्लंडचं आणखी एक. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांनी जगापुढे काय मांडलं, तर हॉस्पिटलच्या खाटा आणि नाचणाऱ्या खऱ्याखुऱ्या नर्स! 1948 साली सुरू झालेल्या, सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या आरोग्यसेवेचा त्यांना एवढा अभिमान आहे. मी तेव्हा मेलबर्नला होते. टीव्हीसमोर बसून ढसाढसा रडले. आणि हेही लिहायला हवं, की 2025 च्या उन्हाळ्यात त्याच इंग्लंडात रस्त्यांच्या दिव्यांच्या खांबांवर झेंडे लागले तेव्हा काहींना ऊर भरून आला आणि आपल्यासारख्या काहींना धडकी भरली. कापड तेच, पण लावणाऱ्याच्या मनात काय आहे यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत माझी धाकटी बहीण राहते. तिथे झेंडा घरोघरी, अगदी गाड्यांच्या दुकानावरही. तिचे शेजारी मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, दुपारपर्यंत झेंडा अर्ध्यावर ठेवतात आणि बाराच्या ठोक्याला स्वतः बाहेर येऊन टोकापर्यंत चढवतात. सकाळी शोक, दुपारनंतर निर्धार. भाचा शाळेत रोज छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणायचा. त्याच्या वर्गातला एक मुलगा मात्र गप्प राहायचा, आणि बाईंनी त्याला कधी टोकलं नाही. कारण 1943 साली, ऐन महायुद्धात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झेंड्याला वंदन करायची सक्ती कुठल्याही मुलावर करता येणार नाही. यहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांचा तो खटला होता. निकालाचा दिवस 14 जून, म्हणजे त्यांचा झेंडा दिन! आपल्याकडेही 1986 मध्ये केरळमधल्या त्याच पंथाच्या तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, फक्त गात नसत. दोन्ही देशांच्या या निकालांचा मला फार अभिमान वाटतो.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, कुठल्याही देशाचं राष्ट्रगीत लागलं की ताठ उभी राहा. छातीवर हात ठेवायची गरज नाही, ओठ हलवायचीही नाही. न्यूझीलंडचं गीत कधी ऐकलंस तर पहिलं कडवं माओरी भाषेत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत असेल. 1999 च्या रग्बी विश्वचषकात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर एका गायिकेने ते केवळ माओरीत म्हटलं, केवढा गदारोळ झाला, आणि आज दोन्ही भाषांत म्हणणं हीच रीत आहे. कॅनडात 1 जुलैला लाल-पांढरे कपडे घालणारे लोक 30 सप्टेंबरला नारिंगी सदरे घालतात, निवासी शाळांत डांबलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीसाठी.

आता ऑस्ट्रेलिया. 26 जानेवारीला तिथे सुट्टी असते, 1788 साली इंग्रजांचा पहिला काफिला सिडनीच्या किनाऱ्याला लागला तो दिवस. आपलाही प्रजासत्ताक दिन तोच, त्यामुळे पहिल्या वर्षी मी उत्साहाने मिठाई घेऊन ड्यूटीवर गेले आणि सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. आमच्यातली एक सहकारी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होती. तिने पेढा घेतला, बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे हा सुतकाचा दिवस." 1938 पासून तिचे लोक या दिवशी शोक पाळत आले आहेत. मला आधी माहीत असायला हवं होतं. तू त्या दिवशी आपला तिरंगा मनात ठेव, पण शुभेच्छा समोरचं माणूस बघून दे.

त्यांचा खरा दिवस 25 एप्रिल, अ‍ॅन्झॅक डे. 1915 साली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर त्यांची, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 'अ‍ॅन्झॅक' सैन्याची, पोरं पहाटे उतरली. आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन तिथे गेले आणि अखेर माघार घ्यावी लागली. म्हणजे हा पराभवाचा दिवस. पानिपत झालं असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. हे लोक मात्र आपल्या पानिपतासाठी दरवर्षी अंधारात उठून येतात. मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स या युद्धस्मारकासमोर हजारो माणसं उभी असतात आणि चिटपाखरूही बोलत नाही. बिगुल वाजतो, मग शांतता, मग सगळ्यांच्या तोंडून एकदमच, पण हलक्या आवाजात, "लेस्ट वी फर्गेट." विसर न पडो. आत स्मृतिशिला जमिनीच्या पातळीखाली बसवली आहे, त्यामुळे अक्षरं वाचायला मान झुकवावीच लागते.

गॅलिपोलीत आपलेही होते बरं. 14 वी शीख पलटण होती, गुरखे होते, आणि खेचरांवरून दारूगोळा, पाणी वाहणारे होते. तुझे पणजोबा तर दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, ती हीच मराठा पलटण. पणजोबांचं पदक आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहे, असं तू मागे म्हणाली होतीस. ते मागून घे. लिंबू आणि राखेने घासू नकोस, नुसत्या मऊ फडक्याने पूस.

एप्रिलमध्ये तिथे पहाटे चांगलीच थंडी असते, जाड कोट घाल. स्वतःची पदकं तिकडे डाव्या छातीवर लावतात, आपल्या गेलेल्या माणसाची उजव्या. तू उजव्या बाजूला लाव. शेजारचं कुणीतरी नक्की विचारेल, कुणाचं? तेव्हा पणजोबांचं पूर्ण नाव सांग, गावासकट.

तुझी,
मावशी