मैत्रिणीला खरं सांगून टाका

प्रिय ताई,
कॉलेजात असताना एका जिवलग मैत्रिणीनं मला वाढदिवसाला टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' दिली होती. सुरू केली, पण पुढे सरकलीच नाही. तिनं विचारलं तेव्हा 'वाचली, आवडली' म्हणून मोकळी झाले आणि पुढे तेच चालू राहिलं. आता पन्नाशी उलटल्यावर खरोखर वाचली आणि वेड लागल्यासारखं झालंय. कुणाशी तरी भरभरून बोलावंसं वाटतं, तेही तिच्याशीच. पण तिच्या लेखी मी ती केव्हाच वाचलेली! शिवाय एवढं सुख इतकी वर्षं कपाटात पडू दिलं, याची चुटपुट लागलीय.
– उशिरा वाचणारी

प्रिय उशिरा वाचणारी,
आधी चुटपुटीबद्दल बोलते. विसाव्या वर्षी तुम्ही बहुतेक ॲना आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की यांच्यामागे धावत पानं उलटली असती. ॲना मुळात दिसतेच अठराव्या प्रकरणात, तोवर कित्येकांचा धीर सुटतो. पण सहाव्या भागात तिची भावजय डॉली ॲनाला भेटायला निघते, तो प्रवास आठवा. घरी तिला विचार करायला सवड नसते. गाडीत बसल्यावर ती लग्नानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडते: बाळंतपणं, मुलांची आजारपणं, दगावलेलं तान्हं बाळ, बाहेरख्याली नवरा. ॲनासारखं आपणही नवऱ्याला सोडायला हवं होतं का, हेही मनात येऊन जातं. आणि ॲनाच्या त्या थाटामाटात एक दिवस काढला की तिला घरी परतायची घाई होते. ही पानं विशीत डोळ्यांखालून नुसती गेली असती. ॲनाच्या नवऱ्याचं, कॅरेनिनचंही तसंच. बायकोच्या आजारपणात तो तिला माफ करतो, व्रॉन्स्कीलाही करतो. तरुण वाचकाला हा माणूस निव्वळ अडसर वाटतो. तुम्हाला तो कळला असणार, नाहीतर वेड लागलं नसतं.

ताटकळलेल्या वाचकांत तुम्ही पहिल्याही नाही. 1875 ते 1877 या काळात ही कादंबरी मासिकातून तुकड्यातुकड्यानं येत होती. शेवटचा भाग तर त्यातल्या युद्धाबद्दलच्या मतांमुळे संपादकानं छापलाच नाही, टॉलस्टॉयनं तो वेगळा काढला.

आता मैत्रीण. तिला सांगून टाका, भेटून आणि बोलण्याच्या सुरुवातीलाच. 'पुन्हा वाचली' म्हणायचा मोह होईल, तो मात्र कटाक्षानं टाळा. तसं म्हटलंत तर ॲनाचा शेवट वाचून बसलेला धक्का लपवावा लागेल. कादंबरीतलं दुसरं जोडपं, लेव्हिन आणि किटी, खडूनं शब्दांची नुसती आद्याक्षरं लिहून एकमेकांच्या मनातलं ओळखतात, तेव्हा झालेला आनंदही जुनाच असल्यासारखा दाखवावा लागेल. तुमच्याजवळ सध्या सगळ्यांत मोलाचं आहे ते हे नवेपण, आणि तेच तिला द्यायचंय. ती थोडी रुसेल कदाचित. रुसू द्या. आवडीनं दिलेलं पुस्तक अखेर लागू पडलं, हे कळल्यावर रुसवा फार टिकेलसं मला वाटत नाही.

एक सांभाळा. तिला वाचून खूप वर्षं झाली असतील, बरंच विसरलीही असेल. तेव्हा परीक्षा घेऊ नका. पुस्तक सोबत न्या, डॉलीचा तो प्रवास तिला वाचायला द्या आणि मग विचारा, ॲनाबद्दल तिचं मत तेव्हा काय होतं आणि आता काय आहे. पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.
– ताई