टर्बो पेट्रोल गाडीचं ट्यूनिंग इंजिन न उडवता कसं शिकावं? अनुभवी माणूस सोबत लागतोच का?

लागतो. हे उत्तर मला १,१२,००० रुपयांना पडलं, तुम्हाला फुकट देतोय.

तुम्ही लिहिलंय की केबल घेतली आहे, सॉफ्टवेअर उतरवलं आहे, नेटवर सगळं शिकता येतं, मग ‘गुरू’ कशाला हवा. ते ‘गुरू’ अवतरणचिन्हांत घातलंत ना, तिथेच मला माझा चुलतभाऊ दिसला. नाहीतर मी उत्तर लिहायच्या वाटेला गेलो नसतो.

आमच्या घराण्यात दोन फियाट लिनिया टी-जेट आहेत. हसून घ्या. १३६८ सीसी, ११४ पीएस, आपल्या रांजणगावातून बाहेर पडलेली गाडी. तेव्हा टर्बो म्हणजे डिझेल असाच समज होता, त्यामुळे पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून दोनदा विचारायचा. एक त्याच चुलतभावाची, म्हणजे दादाची, मुंबईत. एक माझी, पुण्यात. २०१८च्या मार्चमध्ये दोघांनी एकाच परदेशी विक्रेत्याकडून रीमॅपची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले (इसीयूतले) आकडे बदलणारी फाइल मागवली, प्रत्येकी १८,००० रुपये. ईमेलवर आली. एका रविवारी दादाने माझ्या पार्किंगमध्ये लॅपटॉप लावला आणि वीस मिनिटांत दोन्ही गाड्या ‘स्टेज वन’ झाल्या, म्हणजे सुटे भाग न बदलता नुसत्या फाइलने ताकद वाढवलेल्या. त्या दिवशी गाडी अशी काही पळाली की मी दादाला बिर्याणी खाऊ घातली.

मे महिन्यात बायको, दोन मुलं आणि डिकीभर सामान घेऊन कोल्हापूरला निघालो. खंबाटकीचा घाट, दुपारचे दोन, एसी पूर्ण, काचा बंद, पुढे ट्रक. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय दाबून ओव्हरटेक. एकदा, दोनदा, तीनदा. कानाला काही जाणवलं नाही. आरशात मात्र निळा धूर दिसला. बायको म्हणाली, मागच्या गाडीचा असेल. मागे गाडीच नव्हती.

रडतखडत साताऱ्यापर्यंत पोचलो, पुढे टोइंग. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. कार्बोरेटरच्या जमान्यापासून इंजिनं बांधणारा माणूस. लॅपटॉपला अजून ‘ती टीव्ही’ म्हणतात. त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. बाकीचे तीन १६० पीएसआयच्या वर, तिसऱ्या नंबरचा ७०. ब्लो-बायने, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटलेल्या वायूने, ऑइलची पट्टी जागची उठली होती. चारही प्लग काढून त्यांनी उन्हात धरले आणि तिसऱ्याच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके, त्यातले काही चमकत होते.

“ही चमक कशाची हाय, ठावं हाय?”

मला ठाऊक नव्हतं. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं.

हेड उघडून पिस्टन बाहेर काढला तर त्याच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली. ओतीव पिस्टनचं हे नेहमीचं मरण. ठिणगी पडून ज्योत पसरत असते, तेवढ्यात कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच भडकतं, दाबाची लाट पिस्टनवर आदळते. यालाच नॉक म्हणतात. एकदा आदळली तर काही होत नाही, शंभरदा आदळली की भिंत जाते. कोल्हापूर ओतकामाचं गाव, अण्णांनी तो तुकडा हातात घेऊनच सांगितलं की धातूत दोष नाही, मार खाल्लाय.

मग विचारलं, “लॉग कुठाय?” लॉग म्हणजे गाडी चालताना इसीयूतल्या आकड्यांची नोंद. हा शब्द त्यांना त्यांच्या नातवाकडून मिळालाय. मी म्हटलं, काढला नाही. “मग गाडी दोन महिनं काय बोंबलत हुती, ते कुणी ऐकलंच न्हाई.”

नंतर पुण्यातल्या एका मित्राने ती फाइल उघडून मूळ फाइलशी ताडून पाहिली. बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) ०.३ बार वर, इग्निशन पुढे म्हणजे ठिणगी लवकर, आणि हे सगळं युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या हिशोबाने. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल आपोआप भडकायला अवघड. माझ्या टाकीत साधं ९१. त्यावर कहर म्हणजे नॉक ऐकून इसीयूला कळवणाऱ्या सेन्सरची मर्यादाच सैल करून ठेवलेली. म्हणजे गाडीला राखणदार होता, त्याच्या कानात बोळे घालून तिला घाटात सोडलं होतं. गाडी ‘स्मूथ’ का वाटत होती ते तेव्हा कळलं. इसीयू टायमिंग मागे खेचतच नव्हता, म्हणजे ठिणगी उशिरा टाकून इंजिन वाचवतच नव्हता.

आता दादाचं म्हणणं ऐका, कारण तुमच्या प्रश्नातही तेच आहे. तीच फाइल, तीच गाडी, आज चाळीस हजार किलोमीटर झाले, त्याचं इंजिन ठणठणीत. दर गणपतीत मोदक वाढता वाढता हे तो सगळ्यांना ऐकवतो. निष्कर्ष असा की दोष फाइलचा नव्हता, माझ्या पायाचा होता, आणि ‘त्या म्हाताऱ्याला’ कार्बोरेटरपलीकडे काही कळत नाही. अहो, दादा पहिल्यापासून महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरतो. समुद्रसपाटीवर, सपाट रस्त्यावर, बहुतेक वेळा एकटा, वांद्रे ते अंधेरी. तिथे पूर्ण थ्रॉटल दाबायला जागा आहे कुठे? वाचलेलं इंजिन हा पुरावा नसतो. पण हे चुलत्यांसमोर कोण समजावणार.

इंजिन बांधून झाल्यावर अण्णांनी अट घातली, मूळ फाइलवर दोन हजार किलोमीटर आणि प्रत्येक प्रवासाचा लॉग. मला अपमान वाटला होता. पण त्या कंटाळवाण्या दोन हजारांत जे शिकलो ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नाही. गाडी निरोगी असताना कशी दिसते हेच मला माहीत नव्हतं. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की इनटेकची हवा ६० अंशांवर जाते, घाटात खाली यायलाच तयार नसते, आणि तेव्हा इसीयू आपणहून टायमिंग काढून घेतो. कधी दीड अंश, कधी तीन. हे आकडे पाठ झाले, मगच बिघाड ओळखू यायला लागला.

आणि नॉक ऐकायची त्यांची ती नळी. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडलं, ब्लॉकच्या बोल्टखाली आवळलं, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि जुन्या स्टेथोस्कोपचे कान. मी आत बसून लॅपटॉपवर नॉकचा आकडा बघतोय, अण्णा बाहेर स्टुलावर डोळे मिटून. तापलेल्या तव्यावर एखादाच फुटाणा उडावा तसा आवाज. त्यांचा हात वर जायचा आणि जवळजवळ त्याच क्षणी माझ्या पडद्यावर आकडा हलायचा. दोन-तीनदा हात आधी वर गेला. ज्याला ‘कार्बोरेटरवाला म्हातारा’ म्हणतात त्याचं हे काम.

तुमचा प्रश्न ‘सुरुवात कुठून’ असा आहे. मूळ फाइल इसीयूतून काढून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, हे पहिलं. फाइल चढवताना बॅटरीला चार्जर लावा. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर इसीयूचा दगड होतो, आणि ते दुःख पिस्टनपेक्षा वेगळं असतं. मग गाडी तपासा. बूस्टच्या पाइपांत गळती आहे का ते हवा भरून बघा, कारण गळती असली की टर्बो भरपाईसाठी जास्त फिरतो आणि तुम्ही चुकीच्या आकड्यांवर ट्यून करत बसता. प्लग नवे, गॅप थोडी कमी, वाढत्या बूस्टवर मोठ्या गॅपची ठिणगी विझते. इंधनाचा दाब बघा. वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावा, कंपनीचा साधा सेन्सर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण नेमकं किती दाट आहे ते सांगत नाही. पूर्ण बूस्टला त्याचा आकडा, लॅम्डा, ०.८५च्या आसपास दिसायला हवा; १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर प्रमाणात, त्याखाली मिश्रण दाट. १कडे सरकायला लागला की पाय काढायचा, कारण नंतर शोधायचं.

यानंतर बदल, एका वेळी एकच. बहुतेक जण बूस्टपासून सुरू करतात कारण ते पाठीला जाणवतं. मी म्हणतो आधी नकाशा, म्हणजे इसीयूतले आकड्यांचे तक्ते, वाचायला शिका. या बॉश इसीयूत तुमचा पाय थेट बूस्ट मागत नाही. पाय टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर) मागतो, टॉर्कवरून हवा ठरते, हवेवरून बूस्ट. नुसता बूस्टचा तक्ता फुगवला तर वरची टॉर्कची मर्यादा लागते, इसीयू थ्रॉटल मिटतो आणि तुम्ही नेटवर विचारता, ‘भाऊ, गाडी झटके का मारते?’ बाकी वाचून घ्या, त्यावर भरपूर लिहिलेलं आहे.

अनुभवी माणूस का, तर ज्ञानासाठी नाही. ज्ञान नेटवर आहे, दादाचं तेवढं खरं. तुमचे डोळे रस्त्यावर आणि पडद्यावर एकाच वेळी असू शकत नाहीत, म्हणून एक. आणि तुम्हाला ‘थांब’ म्हणणारं कुणीतरी हवं म्हणून दोन. गाडी पळायला लागली की आपण थांबत नाही हो, मी थांबलो नाही. शेवटी डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) दिवसभर बसलो तेव्हा संध्याकाळी माझ्या मते अजून दोन अंश टायमिंग शिल्लक होतं. अण्णा म्हणाले, मे महिन्यात घाटात बायको-पोरांना घेऊन हाच दिवस पुन्हा काढणार असशील तर दे. नाही दिलं. त्या परदेशी फाइलपेक्षा माझी गाडी आज कमी पळते. कोल्हापूरला मात्र पोचते.

माणूस कसा ओळखायचा? तुमची गाडी न बघता किती पीएस वाढतील ते सांगणारा नको. तुटलेला पिस्टन टेबलावर ठेवणारा चालेल. लांबून फाइल पाठवणारे सगळेच वाईट असं मात्र नाही. तुमचे लॉग मागून, तपासून, चार-पाच वेळा फाइल दुरुस्त करून देणारेही आहेत. मी तो खर्च वाचवला होता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, राहून गेल्या. वॉरंटीत गाडी असेल तर हे सगळं विसरा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) एकदा नजरेखालून घाला. कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर इंजिनाआधी त्याची मर्यादा येते, ती २५० एनएम टॉर्कच्या आसपास. डिझेलचं गणित वेगळं, हे उत्तर त्याला लावू नका. आणि आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. ऑक्टेन बरं असलं तरी त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुनी फाइल असलेल्यांनी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती टक्के उघडे राहतायत ते नव्याने तपासा. हे मी खास करून दादासाठी लिहितोय, कारण २०१८च्या त्या फाइलला ई-२० म्हणजे काय ते ठाऊक नाही.

त्याच्या गाडीचा लॉग आजवर कुणीही पाहिलेला नाही. विचारलं की म्हणतो, गरजच पडली नाही. येत्या गणपतीला मी केबल, लॅपटॉप आणि अण्णांची नळी घेऊन जाणार आहे. दादा किल्ली देतो का बघू.