टाकी घरी स्प्रे करणार असशील तर

भावा, स्प्लेंडर बाइकची पेट्रोल टाकी घरी स्प्रे कॅनने नक्की होते, पण खरं काम घासण्यातच आहे, रंग मारणं नंतरचं. आधी साबणाने धू, मग थिनरच्या फडक्याने ऑइल, वॅक्स सगळं काढ, नाहीतर रंगाला फिशआय, म्हणजे बारीक गोल खड्डे, येणार म्हणजे येणारच. गंज असेल तिथे पत्र्यापर्यंत घास, बाकी 400 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून मारला तरी पुरे, मग प्रायमर, तो सुकला की 600 ने हलकं घासून घे. रंग एकदम जाड मारू नको, ओघळ येतात, 8-10 इंचावरून पातळ कोट, मधे 10-15 मिनिटं थांब आणि पावसाळ्यात तर मारूच नको, दमट हवेत रंग पांढरट पडतो. पैसे वाचवायचे तर रंगात वाचव पण क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) टूकेच (2K) घे, म्हणजे हार्डनर मिसळायचा असतो तो, साधी लॅकर पेट्रोल सांडलं की विरघळते, टाकीला तर रोजचंच आहे ते. फक्त या टूकेची वाफ फुफ्फुसाला फार वाईट, कापडी मास्क चालणार नाही, वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचाच मास्क लाव, मोकळ्यावर मार. आणि कलरच बदलणार असशील तर आधी आरटीओत विचार, आरसीवर रंग लिहिलेला असतो.