बाबा, ते नुसतेच हसले ओ!

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे, विश्रामबागचे, आता अमेरिकेत ओहायोत असतो. आईबाबा उन्हाळ्यापुरते आलेत. बाबा सकाळी फिरायला जातात, समोरून येणारा हसतो म्हणून हे थांबून बोलायला जातात तर तो 'मॉर्निंग' म्हणून पुढं सटकतो. बाबा म्हणतात सगळी खोटी माणसं, आता बाहेरच पडेनात. आई मात्र खूश आहे, काही विचारलं की हसते. काय करू?

उत्तर: ताई, बाबांचं काही चुकत नाही ओ. सांगलीत गणपती मंदिराच्या वाटेवर कुणी तोंडभर हसला म्हणजे तो ओळखीचाच असणार, मग "काय, कुणीकडं?" पासून जे सुरू होतं ते पोराचं लग्न, हळदीचा भाव, कृष्णेचं पाणी कुठवर चढलं इथपर्यंत जातं. तिकडं ते हसू म्हणजेच अख्खा रामराम, पुढं काही नसतं. बाबांना सांगा, मान हलवायची, हसायचं, चालत राहायचं. बोलायचंच असेल तर कुत्रं घेऊन येणाऱ्याला गाठा, कुत्र्याचं कौतुक केलं की बहुतेक जण थांबतात.

आणि हे सगळ्या परदेशात असंच असतं असं पण नाही बरं का. वॉलमार्ट हे अमेरिकेतलं मोठ्या दुकानांचं जाळं 1997 ला जर्मनीत गेलं आणि 2006 ला गाशा गुंडाळून परत आलं, कारणं पुष्कळ होती, पण दारात उभं राहून हसत स्वागत करणारी माणसं तिथल्या गिऱ्हाइकांना विचित्र वाटायची असंही सांगतात.

मला काळजी वाटली ती आईंची. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1862 मध्येच लिहून ठेवलंय की ओठांचे कोपरे मनात आणलं की वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनापासून हसल्याशिवाय सहसा हलत नाही. (काहींना तेही मुद्दाम जमतं, त्यामुळं लगेच निकाल देऊ नका.) "आई, बरं वाटतंय ना इथं?" असं विचारल्यावर कुठली आई लेकीला नाही म्हणेल? नजर ओट्याकडं, हातानं उगीच ओढणी सारखी करत "बरंय की" म्हणणार आणि हसणार, विषय बंद. असलं हसू मी तरी खूश म्हणून धरत नाही.

तर हो-नाहीवाले प्रश्न सोडा. "काल दुपारी काय केलंस?" विचारा आणि थोडं गप्प बसा, "काय करायचंय, बसले होते" आलं की कळलंच. लायब्ररीचं कार्ड काढून द्या, चालत जाता येईल असं एखादं दुकान दाखवून ठेवा. आणि ती शेगडी तुमच्यासमोर एकदा त्यांनाच लावू दे, वरचा फॅन कुठून चालू करायचा तेही दाखवा, कारण फोडणी घातली की धुराचा अलार्म कोकलतो या धास्तीनं त्या दुपारभर चहासुद्धा करत नसतील, आणि तुम्ही विचारलंत तर परत हसतीलच.